शब्दचर्चा: गावठी, सेंद्रिय, नैसर्गिक की मुक्तसंचार? कोंबडीला नेमकं काय म्हणावं?

प्रश्न (मुलुंड):

मुरबाडकडच्या एका बचत गटातल्या बायका परसात कोंबड्या पाळतात. आता त्या मुलुंडमधल्या काही सोसायट्यांना थेट विकणार आहेत आणि लेबलाचा मराठी मजकूर लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. गिऱ्हाइकांचे प्रश्न असे येतात: ऑरगॅनिक आहे का? गावठीच ना? नॅचरल आहे का? फ्री रेंज आहे का? हार्मोन देत नाही ना? विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक एकच गोष्ट असते, की चाळीस दिवसांत तयार झालेली दुकानातली कोंबडी नको. पण शब्द वेगवेगळे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा घातला तर खोटं लिहिल्यासारखं होईल, अशी मला धास्ती आहे.

कोंबड्यांची माहिती देते. जात गिरिराज, पिल्लं विकत आणलेली. दिवसभर मोकळ्या हिंडतात, रात्री खुराड्यात. खायला तांदळाची कणी, भरडलेला मका, घरातलं उरलंसुरलं आणि रानात मिळतील ते किडे, वाळवी, गवत. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस दिलेली. साधारण चार महिन्यांच्या झाल्या की विक्री. माझा कल 'गावठी' लिहिण्याकडे आहे. चालेल का?

प्रतिसाद (भांडुप):

नाही चालणार. आम्ही मूळ कणकवलीकडचे. आमच्याकडे गावठी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावातच अंड्यातून निघत आलेली, कुणी विकत आणून न सोडलेली कोंबडी. राखणीला, म्हणजे गावाच्या राखणदार देवाला मान देतात तेव्हा, देवापुढे गावठी कोंबडाच लागतो, तिथे गिरिराज ठेवला तर सासूबाई तो परत पाठवतील. आमची जुनी पारख सांगते: जी खुडूक बसते आणि स्वतःची पिल्लं स्वतः काढते, ती गावठी. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्यांदा अंड्यावर येते, मग काही अंडी घालून खुडूक होते, पंख फुगवून बसून राहते, जवळ गेलं की चोच मारते. अंडी कमी मिळतात म्हणून पोल्ट्रीवाल्यांना नेमका हाच गुण नको असतो आणि निवड करकरून तो त्यांनी जवळजवळ घालवला आहे. गिरिराज खुडूक बसत नाही. दिसायला कितीही रंगीबेरंगी असली तरी तिला गावठी म्हणू नका.

प्रतिसाद (उरण):

आमच्या आगरी घरात असा अर्थ नाही हो ताई. आमची आजी अंगणात वाढलेल्या कुठल्याही कोंबडीला 'गावठी कोंबरी' म्हणते, मग तिची आई कुठली का असेना. तिच्या लेखी गावठीच्या उलट शब्द 'बॉयलर'. जातीची विचारपूस कुणी करत नाही. रस्सा किती वेळ शिजला, हाड कसं लागलं आणि वर तवंग कसा आला, यावरून ठरतं.

प्रतिसाद (दादर):

वरचे दोन्ही अर्थ खरे आहेत आणि सगळा घोळ तिथेच आहे. 'गावठी' हा शब्द जातीबद्दलही बोलतो आणि वाढवण्याबद्दलही. जोवर गावात एकच जात होती आणि ती एकाच तऱ्हेने वाढत होती, तोवर हे दोन अर्थ वेगळे करायची गरज पडली नाही. मुंबईतल्या जुन्या माणसांकडून अजून 'इंग्लिश अंडी' ऐकू येतं. पांढरी ती इंग्लिश, लहान आणि तपकिरीसर ती गावठी. म्हणजे मूळ जोडी गावठी आणि विलायती, आपलं आणि बाहेरून आलेलं.

या शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. माणसाला 'गावठी' म्हटलं की तो अपमान असतो. गावठी कट्टा, गावठी दारू म्हणजे चोरटं, बनवलेलं. आणि भाजीबाजारात गावठी कोथिंबीर, गावठी लसूण म्हटलं की भाव चढतो. कोंबडी या दुसऱ्या रांगेतली. मुंबईत गावठीला ब्रॉयलरच्या दुप्पट-तिप्पट भाव मिळतो, म्हणून तर हा शब्द ताणला जातो. अंडी देऊन संपलेली लेयर, म्हणजे बहात्तर ते ऐंशी आठवडे पिंजऱ्यात काढलेली कोंबडी, काही दुकानांत गावठी म्हणून गळ्यात मारतात. मांस चिवट असतं, शिजायला वेळ लागतो, त्यामुळे न जाणणाऱ्याला खरंच वाटतं. तपकिरी अंड्यांचं तेच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि तपकिरी अंडी देणाऱ्या लेयर पिंजऱ्यातही असतात. बलकाचा गडद पिवळा रंग खाद्यातून येतो. मका, हिरवा पाला आणि झेंडूच्या फुलांचा अर्क यांनी तो वाढवता येतो, परस असो वा शेड.

'गावरान' हा शब्द तुमच्या गिऱ्हाइकांपैकी देशावरचे लोक वापरतील. अर्थाने तो गावठीच्या फार जवळचा आहे, त्याच्या फोडीत मी शिरत नाही.

प्रतिसाद (पशुवैद्यक, ठाणे):

ग्रामीण कुक्कुटपालनात काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण 'हार्मोन' आणि 'पिंजरामुक्त' या दोन शब्दांनी लोकांची खूप दिशाभूल होते.

ब्रॉयलर पस्तीस ते बेचाळीस दिवसांत दोन किलोच्या आसपास जातो. त्याचं कारण निवड-पैदास आणि खाद्य, हार्मोन नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ आणि २००५ सालच्या ब्रॉयलर जाती एकाच खाद्यावर वाढवून पाहिल्या. छप्पन्नाव्या दिवशी जुन्या जातीचं वजन सुमारे ९०० ग्रॅम भरलं आणि नव्या जातीचं ४.२ किलो. खाद्य तेच, देखभाल तीच, फरक फक्त जातीत. अमेरिकेत कोंबड्यांना हार्मोन द्यायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणून तिथे कुणी पाकिटावर 'हार्मोन दिलेले नाहीत' असं छापलं, तर ते कोंबड्यांना देण्याची मनाईच आहे हेही शेजारी छापावं लागतं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, दुसरे देतात आणि हा देत नाही. आपल्या लेबलावर 'हार्मोनमुक्त' लिहिणं म्हणजे तोच चुकीचा समज पसरवणं.

'पिंजरामुक्त चिकन' तर त्याहून पोकळ. मांसासाठीचा ब्रॉयलर आपल्याकडे सहसा पिंजऱ्यात ठेवत नाहीत. तो शेडमध्ये जमिनीवर, भाताच्या तुसाच्या थरावर वाढतो. आमच्या पुस्तकांत याला 'गादी पद्धत' म्हणतात. पिंजरा असतो तो अंड्यांच्या लेयरसाठी. अंड्यांच्या ट्रेवर 'पिंजरामुक्त' लिहिलं तर त्याला अर्थ आहे, चिकनच्या पाकिटावर नाही.

लोकांनी काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करावी, ती रास्त आहे. माणसाला शेवटचा उपाय म्हणून दिलं जाणारं कोलिस्टिन पोल्ट्रीत वाढीसाठी खाद्यातून दिलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये केंद्राने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. पण इथेही शब्द नीट वापरायला हवा. 'अँटिबायोटिक-मुक्त' म्हणजे जन्मभर दिलंच नाही, की दिलं होतं पण कापण्याआधी ठराविक दिवस बंद ठेवलं म्हणून मांसात अंश उरला नाही? दोन्ही गोष्टी एकाच शब्दाखाली विकल्या जातात. 'दिलेलं नाही' आणि 'अंश नाही' असं सरळ वाक्य लिहिलं की संदिग्धता जाते.

आणि 'औषधमुक्त' कृपा करून लिहू नका. तुमच्या कोंबड्यांना मानमोडीची लस दिली आहे आणि ते योग्यच आहे. मानमोडी आली की अख्ख्या वाडीतली खुराडी चार-आठ दिवसांत रिकामी होतात, मी ते पाहिलं आहे. लस दिली हे लपवायचं कारण नाही, मोठ्या अक्षरात लिहा.

प्रश्नकर्ती:

'औषधमुक्त' माझ्या कच्च्या मसुद्यात होतं, काढून टाकते. मग 'सेंद्रिय' आणि 'नैसर्गिक' यांचं काय? सर्वांत जास्त फोन 'ऑरगॅनिक आहे का' म्हणून येतात.

प्रतिसाद (दादर):

'सेंद्रिय'चा घाट संस्कृत आहे, स आणि इंद्रिय. रसायनशास्त्रातून तो शाळेत आला, सेंद्रिय आणि असेंद्रिय संयुगं, नंतर पाठ्यपुस्तकांनी 'कार्बनी' आणलं. शेतीत तो सेंद्रिय खतातून रुळला. हिंदीत 'जैविक' म्हणतात आणि सरकारी चिन्हावर 'जैविक भारत' असल्यामुळे मुंबईत दोन्ही शब्द कानावर पडतात. मराठीत मात्र 'जैविक' म्हटलं की मनात आधी जैविक कीडनियंत्रण, जैविक कचरा येतो. मराठी लेबलावर 'सेंद्रिय'च बरा.

पण तो तुम्हाला घेता येणार नाही, कारण तो आता कायद्याने बांधलेला शब्द आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे, लागू झाले १ जुलै २०१८ पासून. त्यामागे दोन व्यवस्था आहेत. एक वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, दुसरी कृषी मंत्रालयाची सहभागी हमी पद्धत, जिच्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची तपासणी करतात. लहान उत्पादकाने थेट गिऱ्हाइकाला विकलं तर प्रमाणपत्रातून सूट मिळते, 'जैविक भारत' चिन्ह मात्र लावता येत नाही. पण सूट कागदातून आहे, मुळातल्या अटींतून नाही. कोंबडी सेंद्रिय म्हणायची तर तिचं खाद्यही सेंद्रिय हवं. बाजारी खाद्याचा मोठा भाग मका आणि सोयापेंड असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये पेंडीचे भाव भडकले तेव्हा पोल्ट्रीसाठी १२ लाख टन जनुकबदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली होती. असं खाद्य खाल्लेली कोंबडी सेंद्रिय ठरत नाही. तुमच्या बायकांचा भरडलेला मका कुठल्या शेतातला, त्यावर काय फवारलं होतं, हे त्यांना सांगता येईल का?

लोकांना हेच पटत नाही. उकिरडा उकरून किडे टिपणारी कोंबडी सेंद्रिय नाही, असं म्हटलं की ते चकित होतात. पण शेजारच्या भातावर फवारणी झाली असेल तर ती तिथलेच किडे टिपते. उलट बाजूने, सेंद्रिय प्रमाणित कोंबडी ब्रॉयलर जातीचीही असू शकते. गावठी असणं आणि सेंद्रिय असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या जुळल्या तर उत्तम, पण एकीवरून दुसरी निघत नाही.

'नैसर्गिक'बद्दल माझं मत कडक आहे: वापरूच नये. इंग्रजी पाकिटावरचा 'नॅचरल' अमेरिकेत मांसावर छापतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की कृत्रिम काही मिसळलेलं नाही आणि प्रक्रिया कमीत कमी केली आहे. कोंबडी कशी वाढली याबद्दल तो काहीच सांगत नाही. आपल्याकडे वाचणारा मात्र नेमका वाढीचाच अर्थ लावतो. शिवाय मराठीत 'नैसर्गिक शेती' या शब्दामागे एक निश्चित विचार उभा आहे. सुभाष पाळेकरांनी, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, नैसर्गिक शेती ही सेंद्रिय शेतीपासून वेगळी म्हणून हिरिरीने मांडली. २०२४ मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियानही मंजूर केलं. म्हणजे शेतकऱ्याच्या कानाला हा शब्द एका पद्धतीचं नाव आहे आणि शहरातल्या कानाला नुसतं चांगुलपणाचं विशेषण. तुमच्या लेबलाला दोन्हीपैकी काही नको.

प्रतिसाद (भांडुप):

मग 'मुक्तसंचार' लिहा ना. गोठ्यांसाठी वापरतात.

प्रतिसाद (दादर):

अर्थ बरोबर आहे. अडचण 'मुक्त'ची आहे. आधीच बाजारात हार्मोनमुक्त, पिंजरामुक्त, विषमुक्त यांची रांग लागली आहे, तिथे 'मुक्त' म्हणजे 'नसलेलं'. मुक्तसंचारमध्ये 'मुक्त' म्हणजे 'मोकळा'. घाईत वाचणारा गोंधळेल. शिवाय कागदी वाटतो. पशुसंवर्धन खात्याच्या पुस्तिकांत 'परसातील कुक्कुटपालन' असा सुरेख शब्द वर्षानुवर्षं आहे. परस मुंबईतल्या फ्लॅटमध्ये नसला तरी शब्द अजून कळतो, निदान कोकणातल्या आणि देशावरच्या घरांत. 'परसात मोकळी वाढलेली' एवढं म्हटलं की पद्धतही आली आणि जागाही.

प्रतिसाद (उरण):

आणि जात? गिरिराज लिहिलं तर गिऱ्हाईक म्हणेल हे काय नवीन.

प्रतिसाद (पशुवैद्यक, ठाणे):

लिहाच. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पालनासाठी तयार केली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने. आम्ही यांना 'सुधारित' जाती म्हणतो. गावठीपेक्षा अंडी जास्त, वजन लवकर, आणि परसात टिकतात. गरीब घरातल्या बाईच्या हातात यातून पैसा येतो. यात कमीपणा काही नाही, फक्त नाव खरं सांगा. कडकनाथचं उदाहरण घ्या: मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव गाजलं, आणि आता काळपट पिसांचं काहीही कडकनाथ म्हणून विकायला येतं. नाव एकदा सैल सोडलं की खऱ्या पाळणाऱ्याचंच नुकसान होतं.

प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे आभार. बचत गटातल्या ताईंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. 'गावठी' काढायला त्या आधी तयार नव्हत्या, कारण भाव त्यावरच मिळतो. खुडूक बसण्याचा मुद्दा सांगितल्यावर मात्र त्यांच्यातल्या वयस्कर बाई लगेच म्हणाल्या, 'हे खरंय, ह्या बसत नाहीत, आम्हालाच पिल्लं विकत आणावी लागतात.' मजकूर असा ठरला:

'परसात मोकळी वाढलेली कोंबडी. जात: गिरिराज, सुधारित. वय: चार महिने. खाद्य: तांदळाची कणी, भरडलेला मका, घरचं अन्न आणि रानातलं. मानमोडीची लस दिली आहे. अँटिबायोटिक दिलेलं नाही. ब्रॉयलरपेक्षा शिजायला जास्त वेळ लागेल.'

अँटिबायोटिकच्या वाक्याबद्दल डॉक्टरांना एक विचारते. मधे एखादी कोंबडी आजारी पडून द्यावंच लागलं तर?

प्रतिसाद (पशुवैद्यक, ठाणे):

द्यायचं, उपचार रोखायचा नाही. तिच्या पायात रंगीत कडं घाला आणि ती या लेबलाखाली विकू नका.