रेड ५ मधील एका डिस्कवर पेंडिंग सेक्टर : आधी दुरुस्ती करावी की थेट डिस्क बदलावी?

लिनक्सवरील माझ्या एमडी (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या) रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी माहिती टिकवणाऱ्या डिस्कसंचात (अ‍ॅरेत), प्रत्येकी ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क आहेत. त्यांपैकी एकीच्या स्मार्ट (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या) अहवालात १९७ क्रमांकाचा, म्हणजे पेंडिंग (वाचता न आलेल्या, निर्णय बाकी असलेल्या) सेक्टरचा, आकडा शून्यावरून १६ वर गेला आहे. रिअ‍ॅलोकेटेड (राखीव जागेवर हलवलेले) सेक्टर अजून शून्यच आहेत आणि सीआरसी (केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या) त्रुटी वाढत नसल्यामुळे केबलवर संशय घ्यायला जागा दिसत नाही. दीर्घ स्मार्ट चाचणी मात्र वाचन त्रुटी देऊन अर्ध्यातच थांबते.

माझ्या समजुतीप्रमाणे अशा सेक्टरवर पुन्हा लिहिले की फर्मवेअर (डिस्कमधील अंगभूत सॉफ्टवेअर) तो तपासते. लिखाण टिकले तर तो यादीतून वगळते, नाहीतर त्याच्या जागी राखीव सेक्टर देते. भौतिक सेक्टर ४०९६ बाइटचा आणि मोजणी ५१२ च्या हिशेबाने असेल, तर १६ म्हणजे प्रत्यक्षात दोनच जागा असू शकतात. तेव्हा अ‍ॅरेवर ‘चेक’ (सगळ्या डिस्क वाचून पडताळणी) चालवून पॅरिटीवरून (हरवलेला भाग काढता येईल अशा जादा माहितीवरून) त्या जागा पुन्हा लिहून घ्याव्यात, की डिस्क काढून नवी लावावी? डिस्क साध्या डेस्कटॉप वर्गातली असून तिला एससीटी ईआरसीची (खराब सेक्टर वाचण्याचा प्रयत्न ठरावीक वेळात सोडून देण्याची) सोय नाही. बॅकअप आहे, पण तो परत आणणे फार वेळखाऊ आहे.

प्रतिसाद १ : डिस्क आधी काढू नका. ती काढली की उरलेल्या तीन डिस्कांवरचे १२ टीबी एकही चूक न होता वाचले जावे लागतात, आणि त्यांतल्या एखाद्या न वाचलेल्या कोपऱ्यात दुसरा खराब सेक्टर दडलेला असेल तर तेवढी माहिती गेलीच. नवी डिस्क स्पेअर म्हणून जोडा आणि एमडीएडीएमचा (एमडी रेड हाताळणाऱ्या साधनाचा) ‘रिप्लेस’ वापरा; जुन्या डिस्कवरून थेट नक्कल होते आणि जिथे वाचता येत नाही तेवढ्यापुरतीच पॅरिटी लागते. त्याआधी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) टाइमआउट, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत, ३० वरून १८० सेकंदांवर न्या. ईआरसी नसलेली डिस्क एकाच सेक्टरवर मिनिटभराहून अधिक अडून बसू शकते, तोवर कर्नल लिंक रीसेट करतो आणि एरवी चालणारी डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. रीबूटनंतर हे मूल्य पूर्ववत होते, म्हणून ते उडेव्ह (लिनक्समध्ये उपकरण जोडले जाताच लागू होणाऱ्या) नियमात घाला.

धागाकर्ता : ‘रिप्लेस’ सुरळीत झाले, तर जुनी डिस्क टाकूनच द्यावी का?

प्रतिसाद १ : तिच्यावर बॅडब्लॉक्सची (खराब जागा शोधणाऱ्या साधनाची) लेखन चाचणी चालवा, तीत सगळा डेटा पुसला जातो, म्हणून डिस्कचे नाव दोनदा तपासा. पेंडिंग शून्य झाले आणि रिअ‍ॅलोकेटेड वाढले नाही, तर बिनमहत्त्वाच्या कामाला ठेवा. आकडा वाढला, तर वॉरंटी पाहा.