चौथीतल्या मुलीला पाळी आली, वर्गात कसं सांभाळावं?

प्रश्न : जिल्हा परिषद शाळा, वाशीम जिल्हा. मुलगी नऊ वर्षांची, वर्गात सगळ्यात उंच. पोट्टे चिडवतात, ती ओढणी घेऊन मागच्या बाकावर बसते, खेळाच्या तासाला येत नाही. घरचे म्हणतात, ‘आता मोठी झाली.’ काय करावं?

उत्तर १ : आधी तपासणी, ताई. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांआधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर ते लवकर समजतात. छाती कधी वाढू लागली ते आईला विचारा. बालरोगतज्ज्ञ डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. आज उंच दिसणारी ही मुलगी हाडांची टोकं लवकर जुळून वाढ थांबली तर पुढे बुटकी राहू शकते. पाळी थांबवायला गावठी औषध देऊ नका.

उत्तर २ : शरीर तेराचं दिसलं तरी समज नऊचीच, घोळ इथंच होतो. घरकाम, धाक, लग्नाच्या गोष्टी लगेच सुरू होतात. कायद्यानं मुलीचं लग्न १८ आधी नाही, हे बापाला शांतपणे सांगा. मोठी मुलं लगट करत असतील तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन लावा.

उत्तर ३ : शाळेत दोन पॅड, एक जादा चड्डी, कागदी पिशवी बाईंच्या कपाटात ठेवा. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, म्हणून संडासाला कडी आणि पाणी हवंच. अनेकदा मुलगी घरी राहते ती ही सोय नसल्यापायी. चिडवणाऱ्यांना तिच्यासमोर रागावू नका, लाज दुप्पट होते.