‘वह्या फेका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बोरू:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘जे सर्च करता येत नाही ते टिपण मेलेलं. वह्या फेका.’ ते वाक्य डोक्यातून जाईना. अहो, टिपण सापडण्यासाठी काढायचं की समजण्यासाठी? हात बोलण्याच्या वेगाला पुरा पडत नाही, म्हणून काय गाळायचं ते ऐकता ऐकताच ठरवावं लागतं. निम्मा अभ्यास तिथेच होतो. म्युलर-ओपनहायमर या संशोधकांच्या २०१४ च्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त टिपले, तेही बरेचसे जसेच्या तसे, आणि संकल्पनांच्या प्रश्नांत तेच मागे पडले.

कळफलक:
‘वह्या फेका’ मीच लिहिलं. तो प्रयोग २०२१ मध्ये पुन्हा करून पाहिला गेलाय. शब्दांचं तसंच दिसलं, गुणांतला फरक मात्र दिसला नाही. मी परीक्षेच्या आदल्या रात्री एका व्याख्येसाठी सात वह्या उलथ्यापालथ्या केल्यात. सापडली तेव्हा पहाट झाली होती.

बोरू:
मग २०२४ चा नॉर्वेचा अभ्यास घ्या. ३६ विद्यार्थी. हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधला ताळमेळ टंकण्यापेक्षा कितीतरी जास्त दिसला.

समासातली:
त्यात कागद नव्हताच! डिजिटल पेनने टचस्क्रीनवर लिहिलं होतं. आणि टंकणाऱ्यांना एकच बोट वापरायला दिलं होतं. असं कोण टंकतं?

डावखुरा:
‘हाताने लिहा’ ठीक, पण कुणाच्या हाताने? माझा हात लिहिलेल्या ओळीवरूनच पुढे सरकतो. शाई फरफटते, तास संपेपर्यंत तळव्याची कड निळी. शाळेत माझी वही वर्गासमोर धरून ‘हे बघा कोंबडीचे पाय’ म्हणायचे. मी टिपणं काढणंच सोडलं.

बोरू:
वाईट झालं. पण अक्षर सुधारतं. रोज पानभर लिहायचं.

डावखुरा:
दहा वर्षं हेच ऐकलंय! पानभर गिरवताना सगळं लक्ष अक्षराच्या वळणावर. मजकूर डोक्यात शिरणार कधी? तुमचं ते ऐकता ऐकता ठरवणं माझ्या वाट्याला आलं ते टंकायला लागल्यावर. बोटं आपोआप चालतात, मन बोलणाऱ्याकडे राहतं.

समासातली:
माझ्या भावाचंही हेच. अक्षरावरून इतकं बोलणं खाल्लं की अजून कुणासमोर पेन उचलत नाही. आधी मुलांच्या अक्षरावरून त्यांची अक्कल काढणं थांबवा, मग वहीचे गोडवे गा.

बोरू:
मी कुणाची अक्कल काढली नाही! पण ‘सुधारतं’ हे मागे घेतो. ज्याचा हात अक्षरातच अडकतो त्याने टंकावं. बाकीच्यांना वह्या फेकायला सांगू नका, एवढंच.

कळफलक:
गणिताची मांडणी, आकृत्या, बाण मीही कागदावरच करतो. टंकत बसलो तर दुसऱ्या पायरीला पहिली विसरते. मग पानाचा फोटो काढून ठेवतो. ‘वह्या फेका’ तेवढ्यापुरतं चुकलं. त्यापुढे नाही.

समासातली:
आणि त्या फोटोतलं सर्च करता येतं का?

कळफलक:
नाही. वर तारीख आणि विषय टंकतो, त्यावरून सापडतं.

बोरू:
मी तेच वहीच्या पहिल्या पानावर करतो. अनुक्रमणिका म्हणतात तिला.