कूपरचं कौतुक पुरे

अवंती:
निषाद, तुझी कालची पोस्ट: 'कुणाला साधं खरचटलंही नाही, गेले ते विमान कंपनीचे पैसे. असा चोर लोकांना आवडणारच.' रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी सिअॅटलला बारा वर्षं राहतेय. नोव्हेंबर आला की इकडे कूपरचे टी-शर्ट निघतात. २४ नोव्हेंबर १९७१ला पोर्टलंडहून सिअॅटलला निघालेल्या विमानात काय झालं होतं? 'डॅन कूपर' नावाने तिकीट काढलेल्या माणसाने फ्लॉरेन्स शॅफ्नर या हवाई सुंदरीला चिठ्ठी दिली. तिला वाटलं, एकट्या प्रवाशाने फोन नंबर दिला असेल. तिने ती न वाचताच ठेवून दिली. त्याला वाकून सांगावं लागलं, माझ्याकडे बॉम्ब आहे. मग बॅग उघडून लाल नळकांडी आणि वायरी दाखवल्या. त्यानंतर त्याच्या शेजारी बसली दुसरी हवाई सुंदरी, टीना मक्लो. वय २२. सिअॅटलला त्याने मागितलेले दोन लाख डॉलर आणि पॅराशूट मिळाल्यावर प्रवासी सुटले, दोघी सहकारी सुटल्या. ही विमानातच राहिली. विमान पुन्हा उडालं, आणि वाटेत पैसे घेऊन त्याने उडी मारली; तो कधी सापडलाच नाही. बॉम्ब खरा की खोटा, हे आजही कुणाला सांगता येत नाही. तिला त्या रात्री काय कळणार होतं? खरचटलं नाही म्हणे!

निषाद:
मला चोर आवडत नाही, कोडं आवडतं. दोन्हींत फरक आहे. २० डॉलरच्या १०,००० नोटा, प्रत्येकीचा नंबर नोंदलेला, आणि बाजारात एकही सापडली नाही. १९८०मध्ये आठ वर्षांच्या मुलाला कोलंबिया नदीकाठी वाळूत ५,८०० डॉलर मिळाले, कुजलेली बंडलं, रबरबँड तसेच. तिथे ती पोचली कशी, याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून नाही. एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, २०१६मध्ये तपास थांबवला. त्याने मागे टाकलेल्या टायवर टायटॅनियमचे कण आहेत, हे हौशी लोकांनी शोधलं. तुला खटकणारं वेड नसतं तर हेही कळलं नसतं.

मंगेश:
कोडं कसलं? मेला तो. मी एकदा विमानातून उडी मारलीय. लख्ख ऊन, पाठीला बांधलेला प्रशिक्षक, तरी खाली आल्यावर हेल्मेटचा पट्टा सोडवायला बोटं वळत नव्हती. हा रात्री, पावसात, सूट आणि साध्या बुटांत, १०,००० फुटांवरून. घेतलेल्या पॅराशूटपैकी एक तर शिवून टाकलेलं, नुसतं शिकवण्यापुरतं.

निषाद:
रिचर्ड मॅकॉय नावाच्या दुसऱ्या अपहरणकर्त्याने साडेचारच महिन्यांनी तशाच विमानातून ५ लाख डॉलर घेऊन उडी मारली आणि धडधाकट उतरला. मग पकडला गेला, पण उडीत वाचला ना?

मंगेश:
त्याला उड्यांचा सराव होता. बरं, वाचणं अशक्य नाही, एवढं मान्य. एवढंच.

शुभदा:
कूपरने विमानात ओढलेल्या त्या आठ सिगारेटच्या थोटकांचं कुणी बोलत नाही. त्यांवरून आज डीएनए मिळाला असता. तपासवाल्यांनीच ती हरवली. मुद्देमाल जपायची अक्कल कुठेच नाही. आमच्याकडे चोरी झाली, चोर सापडला, आईच्या चारही पाटल्या पंचनाम्यात नोंदल्या. सात वर्षांनी सोडवायला गेले तर लाखेचं सील फुटलेलं आणि आत दोनच पाटल्या. आई तिथेच बाकावर बसली. वर 'सही करा, नाहीतर याही मिळणार नाहीत' असं ऐकवलं.

मंगेश:
वाईट झालं, पण एका ठाण्यावरून सगळ्या पोलिसांना बोलू नका. माझे वडील हवालदार होते. मुद्देमालाच्या खोलीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी, कपाटाला कुलूप वडिलांनी पदरच्या पैशांनी आणलं.

शुभदा:
तुमच्या वडिलांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. सही माझ्या आईने केली, हात तिचा थरथरला. मला शिकवू नका.

निषाद:
शुभदाताई, हे विषयांतर होतंय.

शुभदा:
अजिबात नाही. तुम्ही ज्याला गूढ म्हणता ना, त्यातला निम्मा निष्काळजीपणा आहे. थोटकं असती तर पन्नास वर्षं टी-शर्ट विकले गेले नसते.

मंगेश:
शिकवायचा हेतू नव्हता. पाटल्यांचं ऐकून वाईटच वाटलं. पण वडिलांच्या खात्याबद्दल ऐकून गप्प बसणंही जमत नाही.

अवंती:
थोटकांवरून एवढं भांडलात. ती सिगारेट त्याला कोण पेटवून देत होतं? टीना. त्याचा हात बॉम्बपाशी होता, म्हणून काडी तिने ओढली. शेजारी नळकांडी, हातात पेटती काडी. निषाद, तुझ्या एवढ्या लांब पोस्टमध्ये तिचं नावसुद्धा नाही.

निषाद:
नाव नव्हतं, हे खरं. खरचटल्याचं वाक्य काढलंय, तिचं नाव घातलंय. बाकी पोस्ट राहील. नोटांचं कोडं मी सोडणार नाही, आणि त्यासाठी मला चोराचा भक्त म्हटलेलं चालणार नाही.