ओटीटीवर पुन्हा उठवलेल्या पात्रांच्या भरवशावर थीम पार्क वाढवावीत का?

हिशेबनीस (धागाकर्ता)

डिस्नेने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या १० वर्षांत पार्क, हॉटेलं आणि क्रूझ या धंद्यात साधारण ६० अब्ज डॉलर घालणार. तेव्हापासून यूट्यूबवर आणि आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच खेळ चालू आहे. अमुक जुना सिनेमा डिस्ने प्लसवर, म्हणजे त्यांच्या ओटीटीवर, मालिका काढून उठवा, आणि मग फ्लोरिडात त्याची राइड बांधा. ऐकायला झकास. पण पार्कवाल्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मालिका बंद करायला एक ईमेल पुरतो. राइड एकदा उभी राहिली की पंचवीस-तीस वर्षं हलत नाही. १९८८ चा 'विलो' हा सिनेमा घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये मालिका आली, मार्च २०२३ मध्ये दुसरा सीझन होणार नाही असं कळलं, आणि मे महिन्यात ती डिस्ने प्लसवरून काढूनच टाकली. सहा महिन्यांत बारसं आणि बारावं दोन्ही उरकलं. तिच्या जिवावर कुणी पाया खणला असता तर?

डिस्नेच्या टियाना या राजकन्येचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. स्प्लॅश माउंटन या जुन्या पाण्याच्या राइडच्या जागी टियानाची राइड करायचं जून २०२० मध्ये ठरलं आणि त्याच डिसेंबरात तिच्या मालिकेचीही घोषणा झाली. मूळ सिनेमा, 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग', २००९ चा. अकरा वर्षांनी राइड आणि मालिका एकमेकींना हात देतील असा बेत असणार. राइड जून २०२४ मध्ये फ्लोरिडात सुरू झाली. मालिका मार्च २०२५ मध्ये एकही भाग न दाखवता रद्द! राइडमधली गोष्ट सिनेमानंतरची आहे, म्हणजे पुढे मालिका येईल या हिशेबाला ती अगदी चपखल बसली असती. आता ती एकटीच तिथे उभी आहे.

बोला.

ऑरलँडोकर

हिशेबनीस, पडलेली उदाहरणं वेचून आणलीत आणि वर म्हणता बोला!

मी पार्कपासून वीस मिनिटांवर राहतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. डिस्नेच्या पार्कमधला 'स्टार वॉर्स'चा विभाग, म्हणजे गॅलक्सीज एज, २०१९ मध्ये आधी कॅलिफोर्नियात आणि मग इथे उघडला. बांधकाम अप्रतिम. पण तो ग्रह कुठला, तर बाटू. कुठल्याही सिनेमात न दिसलेला. काळ कुठला, तर नव्या तीन सिनेमांच्या मधला. त्यामुळे ल्यूक नाही, हान सोलो नाही, डार्थ वेडर नाही. पाहुणे आले की त्यांना सांगावं लागायचं, "अहो, तो वेडर या काळात मेलाय." आयुष्यभर स्टार वॉर्स बघितलेला पन्नाशीचा माणूस तिथे उभा राहून नव्या सिनेमांतला खलनायक कायलो रेन बघायचा.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला डिस्ने प्लस सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी 'द मँडलोरियन' ही स्टार वॉर्सचीच मालिका आली. त्यातलं ते हिरवं पोर, ग्रोगू, दिसलं मात्र, सगळीकडे तेच. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पार्कमध्ये मालिकेचा नायक मँडो आणि ग्रोगू प्रत्यक्ष फिरायला लागले. काळाचा नियम गुंडाळून ठेवला. आता मे २०२६ मध्ये त्यांचा सिनेमा येतोय, त्याच दिवसापासून मिलेनियम फाल्कन या यानाच्या राइडमध्ये त्यांची नवी मोहीम. आणि कॅलिफोर्नियात तर २०२६ पासून ल्यूक, लेया, हान यांनाही आणायचं जाहीर झालंय.

म्हणजे तुमच्या लाडक्या काँक्रीटनेच चूक केली आणि मालिकेने ती निस्तरली.

हिशेबनीस

ऑरलँडोकर, पोस्ट छान. पण तुम्ही जे लिहिलंत त्याने माझीच बाजू भक्कम होते.

एक, ग्रोगू चालला कारण त्याच्यामागे १९७७ पासूनचं स्टार वॉर्स उभं होतं. मालिकेने मेलेलं काही जिवंत केलं नाही, जे चालू होतं त्याला नवा चेहरा दिला. दोन, तो विभाग मालिकेसाठी बांधला नव्हता. बांधलेल्या विभागात नंतर पात्रं आणली, राइडचा पडद्यावरचा भाग बदलला. हे खुशाल करा, माझी ना नाही. माझा विरोध मालिका बघून पाया खणण्याला आहे.

आणि गोष्टीवर फारच विश्वास टाकला की काय होतं त्याचा नमुना तुमच्याच गावात होता. गॅलॅक्टिक स्टारक्रूझर. १०० खोल्यांचं स्टार वॉर्सचं हॉटेल, दोन रात्रींचं नाटक, दोघांना साधारण ४,८०० डॉलर. मार्च २०२२ मध्ये उघडलं, सप्टेंबर २०२३ मध्ये बंद.

ऑरलँडोकर

स्टारक्रूझर किमतीने मारलं हो, गोष्टीने नाही. जे राहून आले ते आजही त्याच्याबद्दल हळहळतात. त्या पैशात आमचं चौघांचं पुण्याचं विमान होतं.

कोपऱ्यातला_टेबल

तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरून भांडताय: राइड चालायला तिची कथा लोकांच्या डोक्यात ताजी असावी लागते. कोण म्हणतं?

हिशेबनीसांनी ज्या स्प्लॅश माउंटनचा ओझरता उल्लेख केला, ती राइड १९८९ ची. तिची पात्रं 'साँग ऑफ द साउथ' या १९४६ च्या सिनेमातली. त्यात गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेचं जे गुळगुळीत चित्र आहे त्यावर पहिल्यापासून टीका झाली, म्हणून डिस्नेने तो अमेरिकेत कधी व्हिडिओवर आणलाच नाही, डिस्ने प्लसवरही नाही. म्हणजे राइडच्या रांगेतल्या बहुतेक पोरांनी तो सिनेमा पाहिला असणं शक्यच नव्हतं. तरी ती राइड तीस-पस्तीस वर्षं भरून वाहिली. लोक शेवटच्या उतारासाठी आणि अंगावरच्या पाण्यासाठी यायचे.

उलट्या दिशेनं बघा. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही राइड १९६७ ची, सिनेमा २००३ चा. आधी राइड, मग कथा.

आणि सगळ्यात मजेशीर प्रकार डिस्नेच्या स्पर्धक युनिव्हर्सलचा. २०१७ मध्ये त्यांनी ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन वगैरे जुनी भुतं एकत्र करून 'डार्क युनिव्हर्स' नावाची सिनेमांची मालिका जाहीर केली. टॉम क्रूझचा 'द ममी' हा त्यातला पहिला सिनेमा, आणि तोच शेवटचा ठरला. मग मे २०२५ मध्ये ऑरलँडोत त्यांचं नवं पार्क, एपिक युनिव्हर्स, उघडलं, तर त्यातल्या भुतांच्या विभागाचं नाव काय? डार्क युनिव्हर्स! पडद्यावर आपटलेलं नाव पार्कमध्ये दिमाखात लावलं आणि कुणाला काही वाटलं नाही. १९३१ चा फ्रँकेन्स्टाइन पुन्हा उठवावा लागला नाही, तो तसाही सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा मालिका आधी का राइड आधी हा वादच फोल. राइड चांगली बनवा.

मनूची_आई

कोपऱ्यातला_टेबल, तुम्हाला मुलं नाहीत वाटतं. :)

चांगली राइड वगैरे ठीक, पण तिकिटाचे पैसे काढायला आईबापाला भरीस कोण पाडतं? सात वर्षांची मुलगी. आणि तिच्या डोक्यात काय आहे ते टीव्ही ठरवतो. आम्ही न्यू जर्सीत आहोत, इथे थिएटरला वर्षातून कितीदा जाणार? 'मोआना' २०१६ चा सिनेमा. तो २०२३ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, अमेरिकेत ओटीटीवर सर्वात जास्त पाहिला गेलेला सिनेमा होता. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीचा आकडा ११.६ अब्ज मिनिटं. त्यातली काही लाख मिनिटं आमच्या हॉलमध्ये गेली असावीत. 'मोआना २' आधी मालिका म्हणूनच बनत होता, मग विचार बदलून २०२४ मध्ये थिएटरात आणला आणि एक अब्ज डॉलरच्या वर धंदा केला. फ्लोरिडात डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये मोआनाची पाण्याची वाट आहेच. हे सगळं कशामुळे तगलं? ओटीटीमुळेच ना?

आणि ब्लुई. ऑस्ट्रेलियातली सात-सात मिनिटांची कार्टून मालिका. सिनेमा अजून यायचाय, तरी ब्रिस्बेनमध्ये २०२४ मध्ये ब्लुईज वर्ल्ड उघडलं आणि डिस्नेनेही तिला आपल्या पार्कमध्ये आणायचं ठरवलं. हिशेबनीसांच्या नियमाने ब्लुईने वीस वर्षं थांबायचं का? तोवर मनू नोकरीला लागेल.

हिशेबनीस

मनूची आई, ब्लुई हा माझ्या मुद्द्याला खरा अपवाद आहे. पण ती पुन्हा उठवलेली नाही, पहिल्यापासून जिवंत आहे. धागा जुनं उकरून काढण्याबद्दल आहे.

मिनिटांच्या आकड्यांबद्दल मात्र सावध राहा. त्याच २०२३ च्या नील्सन यादीत मालिकांमध्ये पहिला नंबर 'सूट्स'चा होता, ५७.७ अब्ज मिनिटं. ब्लुई दुसरी. सूट्स २०१९ मध्ये संपलेली वकिलांची मालिका, नेटफ्लिक्सवर आली आणि लोक तुटून पडले. झालं, एनबीसी वाहिनीला वाटलं लोकांना हेच हवंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सूट्स एलए' आली, मे महिन्यात रद्द. भाजी चिरताना मागे लावून ठेवलेल्या मालिकेची मिनिटंही नील्सन तितक्याच इमानदारीने मोजते. त्यातला कोण मुलाबाळांसकट विमानाने फ्लोरिडाला जाईल हे त्यातून कळत नाही.

पेडर_रोडचा_पेंगळा

सगळं वाचलं. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकात २०१३ पासून 'मिस्टर इंडिया'ची राइड आहे. सिनेमा १९८७ चा. मालिका नाही, दुसरा भाग नाही, काही नाही. मोगॅम्बो खुश. हिशेबनीसांना +१.

कोपऱ्यातला_टेबल

पेंगळेबुवा, तो हिशेबनीसांना नाही, मला +१ झाला. :D

जुनाट_टीव्ही

मपेट्सबद्दल, म्हणजे टीव्हीवरच्या त्या बाहुल्यांबद्दल, कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

मपेट व्हिजन थ्रीडी हा फ्लोरिडाच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कमधला शो १९९१ ला सुरू झाला. मपेट्सचा जनक जिम हेन्सनच्या अगदी शेवटच्या कामांपैकी, तो १९९० मध्येच गेला. जून २०२५ मध्ये हा शो बंद केला, का तर तिथे 'मॉन्स्टर्स, इंक.'चा विभाग करायचाय. २००१ चा सिनेमा, त्याचीही डिस्ने प्लसवर २०२१ मध्ये मालिका आली होती. हिशेबनीस म्हणतील, सिनेमा जुना आहे म्हणून चालेल. असेल. पण मपेट्स त्याहून जुने आहेत! त्यांनाही २०२३ मध्ये मालिका दिली होती, 'द मपेट्स मेहेम', त्यांच्या रॉक बँडवर. गोड होती. एक सीझन करून गुंडाळली.

आता गंमत बघा. मालिका बंद, पण तोच बँड त्याच पार्कातल्या एरोस्मिथ या रॉक बँडच्या रोलर कोस्टरमध्ये बसवणार आहेत. म्हणजे रद्द झालेली मालिकाही राइडचं बी ठरू शकते. हिशेबनीस, हे तुमच्या खात्यात कुठे बसतं?

मला स्वतःला कोस्टर नकोय. पाठीचं दुखणं आहे, आणि मला त्या शोमधल्या दोन म्हाताऱ्या मपेट्सचे टोमणे ऐकत एसीत बसायचं होतं. पण तेही जाऊ दे. डिस्नेला मपेट्स सांभाळता येत नाहीत, वीस वर्षं झाली विकत घेऊन.

हिशेबनीस

जुनाट टीव्ही, मपेट्सचं वाईट मलाही वाटलं. पण कोस्टर आधीच उभं होतं, फक्त गाणी आणि चित्रं बदलणार. ते स्वस्त काम, त्याला कोण नाही म्हणतंय.

एक आकडा टाकतो. डिस्नेच्या ओटीटी धंद्याने २०२२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४ अब्ज डॉलर बुडवले. पार्कवाल्या विभागाचा कामकाजी नफा आता वर्षाला १० अब्जांच्या आसपास आहे. ओटीटी आता कुठे नफ्यात आलंय. मग कमावत्याने उडाणटप्पूचा सल्ला का घ्यावा?

ऑरलँडोकर

कारण तो उडाणटप्पू घरोघरी रोज जाऊन बसतो, आणि कमावत्याकडे लोक पाच वर्षांतून एकदा येतात.

शिवाय डिस्ने आजही बऱ्यापैकी तुमच्याच नियमाने बांधतंय, मग तक्रार कसली? फ्लोरिडातल्या अ‍ॅनिमल किंगडम पार्कमध्ये डायनोलँड हा विभाग पाडून २०२७ मध्ये 'एन्कांटो' आणि 'इंडियाना जोन्स' या सिनेमांच्या राइड येणार. जोन्सचा शेवटचा सिनेमा २०२३ मध्ये पडला, मालिकेचा पत्ता नाही, तरी मंदिर बांधतायत. 'अवतार'वरच्या पांडोरा विभागाचंही तेच. २०१७ मध्ये उघडलं तेव्हा अवतारचा २००९ चा एकच सिनेमा होता. मला विचाराल तर जोन्सच्या बाबतीत ही चूक आहे. आठ-दहा भागांची एक चांगली मालिका आधी आणली असती तर माझ्या मुलाला तो टोपीवाला माणूस कोण हे तरी कळलं असतं. आता रांगेत मला सांगत बसावं लागणार.

कोपऱ्यातला_टेबल

मोठा दगड अंगावर घरंगळत आला की मुलगा विचारणार नाही तो कोण आहे म्हणून.

मनूची_आई

विचारेल. माझी तर विचारतेच, मोठ्याने, आणि सगळी रांग ऐकते.

हिशेबनीस

मग अबू धाबीचं सांगा. यास बेटावरच्या नव्या डिस्ने पार्कची घोषणा मे २०२५ मध्ये झाली. पैसा आणि बांधकाम मिरल या तिथल्या कंपनीचं, डिस्ने फक्त डिझाइन आणि नाव देऊन रॉयल्टी घेणार. काँक्रीट दुसऱ्याचं, धोका दुसऱ्याचा. आता ऑरलँडोकर, तुम्ही मिरलच्या खुर्चीत बसा. डिस्नेवाला म्हणतो, 'ट्रॉन' या जुन्या सिनेमाची नवी मालिका काढतोय, तिच्यावर एक विभाग बांधा. सही कराल?

ऑरलँडोकर

ट्रॉनवर नाही करणार. त्याचा २०२५ चा नवा सिनेमा बघून आलोय, अजून डोळे चुरचुरतायत. मँडलोरियनवर आत्ता करतो, पेन द्या.

जुनाट_टीव्ही

मपेट्सचं ते कोस्टर कधी उघडतंय? पाठ गेली खड्ड्यात, नातू म्हणतोय जायचं.

ऑरलँडोकर

२०२६ च्या उन्हाळ्यात असं सांगितलंय. काका, सकाळी पार्क उघडायच्या आधी अर्धा तास पोचा, दुपारी तिथे ऊन मी म्हणतं. आणि कोस्टर उलटं होतं, तेव्हा चष्मा खिशात ठेवा.