प्रति: रंग कॉर्डना नको, मुळांना द्या

ब्रेकियल प्लेक्ससचं (मानेतून हातात जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचं) लोकरीचं मॉडेल म्हणजे पोरखेळ, खरं शिकायचं ते डिसेक्शन हॉलमध्येच, हे वरचं मत मला अर्धंच पटलं. नस किती खोल आहे आणि तिचा आजूबाजूचा शेजार कळायला कॅडॅव्हर (मृतदेह) हवाच. पण तिथे सगळ्या नसा सारख्याच पांढरट. मिडियन नसेत कुठल्या मुळाचे (मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेचे) तंतू उतरलेत, हे कितीही साफ केलं तरी दिसत नाही.

वर बहुतेकांनी ट्रंक (मुळं एकत्र येऊन झालेले जाड भाग) आणि कॉर्डना (पुढे ट्रंकच्या फाट्यांतून झालेल्या जुड्यांना) रंग दिलेत. आम्ही इथे नवी मुंबईत सी५ ते टी१ (मानेची पाचवी ते आठवी आणि छातीचं पहिलं) या ५ मुळांना ५ रंग देतो आणि तेच शेवटपर्यंत नेतो. लोकर ठाण्याला जांभळी नाक्यावरून आणतो. (केसाळ घेऊ नका, गुंता होतो.) एका मुळाला दहा-बारा धागे. गाठ अजिबात मारायची नाही, नुसती चिकटपट्टी. तंतू एकमेकांत मिसळत नाहीत, शेजारून जातात. कॉर्ड लाल रबरी नळीभोवती बसवायच्या. ती अ‍ॅक्झिलरी आर्टरी (काखेतली धमनी). ती नसली तर लॅटरल (बाहेरची), मिडियल (आतली), पोस्टिरियर (मागची) कशाच्या हे कळतच नाही. मग टोकं बघा: अल्नर नसेत मुख्यतः सी८ आणि टी१, रेडियल नसेत पाचही रंग. आता मुलांच्या हाती कात्री देऊन अप्पर ट्रंक (सी५ आणि सी६ची) कापायला लावा. अ‍ॅक्झिलरी नस अख्खी सुटून येते, मस्क्युलोक्युटेनियसमध्ये सी७चे तेवढे धागे उरतात. डेल्टॉइड (पहिल्या नसेवर चालणारा खांद्याचा स्नायू) गेला, बायसेप्स (दुसरीवर चालणारा दंडाचा) गेला, हात आत वळून का लोंबतो हे मुलंच सांगतात. अर्ब्ज पाल्सीचा (अप्पर ट्रंकच्या इजेने येणाऱ्या या लुळेपणाचा) तक्ता त्यानंतर दाखवा, आधी नको.