रेसिंग सोडून टीम सांभाळायची: आधी काय शिकावं?

म्हापसेकर: आमच्या सायकल क्लबातला एक रोड रेसर यंदा रेसिंग थांबवतोय. पाच जणांची टीम त्याच्याकडे द्यायचं घाटतंय. पुढे १२० किलोमीटरची रेस आहे, हवा आपली नेहमीची दमट. त्याने तयारी कुठून करावी?

फोंडेकर: मोठा रेसर तोच मोठा मॅनेजर, हे डोक्यातून काढा. फ्रान्सचा रेसर सिरिल गिमार, त्याला स्वतःला टूर द फ्रान्स कधी जिंकता आली नाही. १९७२ मध्ये गुडघ्याने दगा दिला. पण १९७६ मध्ये तो टीमच्या गाडीत बसला आणि त्याच वर्षी त्याच्या टीमचा लुसिएन व्हॅन इम्पे टूर जिंकला. पुढे त्याच्याच हाताखाली इनो आणि फिन्यों जिंकले. गिमारला कोणाला कधी पुढे सुटायला सांगायचं हे कळायचं. तुमच्या गड्याला उरलेल्या रेसमध्ये रोड कॅप्टन, म्हणजे रेस चालू असताना टीमचे निर्णय घेणारा रेसर, करा, जिंकायचं ओझं काढून घ्या. ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये गाडीतून रेसरशी बोलायला रेडिओ नसतोच, निर्णय रस्त्यावरच होतात. ती नजर तिथेच तयार होते. पुढे मोठं काही मनात असेल तर स्वित्झर्लंडमधल्या एगल इथे यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा, स्पोर्ट्स डायरेक्टरचा (टीम मॅनेजरचा) कोर्स असतो. पण ते नंतरचं.

साखळीकर: पाण्यात सगळे फसतात. ताशी ४० ने तीन तास, ताशी ७५० मिली धरा: माणशी ७५० च्या तीन बाटल्या. दोन सायकलवर, एक गाडीतून. डोक्यावर ओतायला माणशी एक साध्या पाण्याची, तीही गाडीतच. म्हणजे गाडीत १०, वर ५ जास्तीच्या, कारण देताना पडतातच. निम्म्या बर्फात ठेवा. ओआरएसवर भिस्त नको, लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅमच, त्यातून मीठ मिळतं, ताकद नाही. तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) हवेत. ६० च्या वर जायचं तर फ्रुक्टोज (फळांतली साखर) पण लागतं, नुसतं ग्लुकोज पोटात साचतं. साधी साखर निम्मी फ्रुक्टोजच, चालते. रेसच्या दिवशी मात्र पहिल्यांदा देऊ नका, चोर्ला घाटातल्या सरावात पोट तपासा. बाटल्या कुठे द्यायच्या ते टेक्निकल गाइडमध्ये, म्हणजे रेसच्या माहितीपुस्तिकेत, बघा; चुकलं तर कमिसेर (रेसचे पंच) दंड लावतात.

म्हापसेकर: जास्तीची चाकं किती न्यावी बाब?

साखळीकर: दोन पुढची, दोन मागची. पण आधी पाचही सायकली शेजारी उभ्या करून बघा. एकाची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) ११ चकत्यांची, दुसऱ्याची १२ ची, की चाक बदलल्यावर गिअर उड्या मारणार. ब्रेकची डिस्कही तेवढीच बघा. कॅलिपर (डिस्कला पॅडने पकडणारा भाग) १४० मिमीच्या डिस्कला बसवलेला असेल तर १६० च्या डिस्कचं चाक आत जातच नाही. उलट केलं तर जातं, पण पॅड डिस्कच्या कडेला घासतो आणि ब्रेक पकडत नाही. उतारावर जीवाशी खेळ. थ्रू-ॲक्सलसाठी, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या आरपार दांड्यासाठी, ६ मिमीची ॲलन की मेकॅनिकच्या खिशात हवी, डिकीत नको. मागचं पंक्चर झालं तर थांबण्याआधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणायची सवय पाचही जणांना लावा, नाहीतर चाक बसवताना चेनशी झटापट.

फोंडेकर: आणि गाडी त्याने स्वतः चालवू नये. नकाशा, रेडिओ आणि स्टिअरिंग एकाच माणसाकडे नको.